तोडणारा क्लीव्ह, चिकटणारा क्लीव्ह

राजा पहिला जेम्स याच्या आज्ञेवरून विद्वानांच्या एका मोठ्या मंडळाने केलेला बायबलचा इंग्रजी अनुवाद १६११ साली छापून निघाला. त्यातले दोन प्रसंग पाहू. पहिला उत्पत्तीच्या पुस्तकातला. देवाने अब्राहामाकडे त्याच्या मुलाचाच बळी मागितला आहे. अब्राहाम पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो आणि होमासाठी लाकडं फोडतो. दुसरा प्रसंग रूथचा. मवाब देशात नवरा आणि मुलगे गमावून बसलेली नामी आपल्या दोन विधवा सुनांना माहेरी परत जायला सांगते. एक सून, अर्पा, सासूचं चुंबन घेऊन निघून जाते. दुसरी, रूथ, सासूला बिलगून राहते.

लाकडं फोडणं आणि सासूला बिलगणं या दोन्ही क्रियांसाठी अनुवादकांनी लिहिलेला शब्द एकच आहे : 'क्लेव्ह'. 'क्लीव्ह' या क्रियापदाचं हे तेव्हाचं भूतकाळी रूप. एकाच ग्रंथात, त्याच स्पेलिंगमध्ये, एकदा तोडण्यासाठी आणि एकदा जोडून राहण्यासाठी. मूळ हिब्रूत असा काही गोंधळ नाही. लाकूड फोडण्याचं हिब्रू क्रियापद 'बाका' आणि बिलगण्याचं 'दावाक'. आजच्या इस्रायलमध्ये कागद चिकटवायच्या डिंकाला 'देवेक' म्हणतात, तो या दावाकचाच भाऊ. ज्यू लोककथांमधलं 'दिब्बुक', म्हणजे माणसाला धरून बसणारं भूत, तेही त्याच धातूचं. हिब्रू वाचणाऱ्याला अब्राहाम आणि रूथ यांच्यात काही समान धागा आहे अशी शंकाही येणार नाही. तो धागा इंग्रजीने निर्माण केला, आणि तोही अपघाताने.

इंग्रजीच्या गमतीजमती सांगणाऱ्या पुस्तकांत परस्परविरोधी अर्थांच्या शब्दांची यादी हमखास असते आणि तिच्यात 'क्लीव्ह' बहुधा पहिल्या काही नंबरांत बसलेला असतो. एकच शब्द तोडतोही आणि चिकटतोही, केवढी ही भाषेची किमया, असा एकूण सूर. ही किमया खोटी आहे. ज्या शब्दाने खरोखरच दोन टोकांचे अर्थ कमावले, तो 'डस्ट'. धूळ या एकाच नामापासून धूळ झटकणं हाही अर्थ निघाला आणि केकवर पिठीसाखर भुरभुरणं हाही. 'सँक्शन'चंही तसंच. लॅटिनमध्ये त्याचा संबंध धर्माच्या किंवा कायद्याच्या बळाने पक्कं करण्याशी होता. त्यातून मंजुरी देणं आलं आणि नियम मोडणाऱ्यावर निर्बंध लादणंही आलं. इथे मूळ एक, फांद्या दोन. 'क्लीव्ह'ची गोष्ट उलटी आहे. तिथे मुळं दोन आहेत आणि बुंधा एकच दिसतो.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ही दोन क्रियापदं वेगळी होती. फोडण्याचं 'क्लेओवन' आणि चिकटण्याचं 'क्लिविअन'. हस्तलिखितांत दोन्हींच्या मधलं अक्षर 'एफ' असायचं, पण दोन स्वरांमध्ये आलं की त्याचा उच्चार 'व' होई. नुसता उच्चार वेगळा होता असंही नाही, चालवण्याची रीतही वेगळी होती. 'क्लेओवन' हे आतला स्वर बदलून भूतकाळ करणाऱ्या जुन्या, कडक शिस्तीच्या क्रियापदांपैकी होतं, जशी आजची 'सिंग, सँग, संग'. 'क्लिविअन' मात्र शेवटी प्रत्यय लावून भागवणाऱ्या साध्या क्रियापदांपैकी. त्या काळच्या इंग्रजाला ही दोन क्रियापदं एक वाटण्याचा संभव नव्हता.

त्यांच्या आणखी मागे गेलं की दोन घराणी लागतात. तिथवर जाण्याची वाट याकोब ग्रिमने १८२२ साली घालून दिली. परीकथा जमवणाऱ्या दोन भावांपैकी थोरला तो हा. त्याने दाखवलं की जर्मन-इंग्रजी गटातल्या भाषांची व्यंजनं संस्कृत, ग्रीक, लॅटिनच्या व्यंजनांपेक्षा ठरावीक नियमाने सरकली आहेत. जिथे जुना 'ग' होता तिथे 'क' आला. संस्कृतातलं 'युग' म्हणजे मुळात बैलांच्या मानेवरचं जू. इंग्रजीत त्याचं झालं 'योक'. जिथे 'भ' होता तिथे 'ब' आला : 'भ्रातृ' आणि 'ब्रदर'. हा नियम उलटा लावून अभ्यासकांनी फोडणाऱ्या क्लीव्हचं मूळ रूप 'ग्लेउभ्' असं काहीसं ठरवलं. ग्रीकमध्ये याच धातूने कोरण्याचा अर्थ घेतला. इजिप्तच्या भिंतींवरची चित्रलिपी पाहून ग्रीकांनी तिला पवित्र कोरीव अक्षरं म्हटलं, त्यातला 'ग्लिफ' तो हाच. लॅटिनमध्ये याच धातूला झाडाची साल सोलण्याचा अर्थ मिळाला. आणि इंग्रजांच्या स्वयंपाकघरात लसणाचा गड्डा फोडला की जी पाकळी हाती येते ती 'क्लोव्ह'. लसणाची पाकळी आणि इजिप्तची चित्रलिपी यांचं नातं असू शकतं, हे या शास्त्राचं खरं सुख आहे.

याच ठिकाणी एक घुसखोर ओळखून बाजूला करायला हवा. लवंगेलाही इंग्रजीत 'क्लोव्ह'च म्हणतात, पण लवंगेचा या घराण्याशी काडीचा संबंध नाही. तो शब्द फ्रेंचमधल्या 'क्लू'वरून आला, आणि 'क्लू' म्हणजे खिळा. तळहातावर लवंग ठेवून पाहिली तर फ्रेंचांचं म्हणणं पटतं. म्हणजे पुलाव करताना लसूण आणि लवंग दोन्ही टाकणाऱ्या इंग्रजाच्या भांड्यात एकाच नावाचे दोन परके एकत्र शिजत असतात.

चिकटणाऱ्या क्लीव्हचं घराणं अर्थातच चिकट. त्याचा मूळ धातू 'ग्लेइ', लिबलिबीत असणं, चिकटणं. इंग्रजीतली चिकणमाती, 'क्ले', त्याच धातूची. फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आलेला 'ग्लू'ही त्यातलाच. लॅटिनमध्ये डिंकाला 'ग्लूटेन' म्हणत. हल्ली बिस्किटांच्या पुड्यांवर हा पदार्थ नसल्याचं अभिमानाने छापतात. कणीक मळल्यावर तिला जो ताण आणि चिकटपणा येतो तो या ग्लूटेनमुळे, आणि त्याचं नाव खरोखर डिंक असंच आहे. जर्मन भाषेने या दोन घराण्यांची सरमिसळ होऊ दिली नाही. तिथे चिकटण्याला आजही 'क्लेबेन' म्हणतात, आणि फोडण्याचं 'क्लीबेन' प्रमाण भाषेतून गेलं असलं तरी बव्हेरिया-ऑस्ट्रियाकडे लाकूडतोड्यांच्या बोलण्यात टिकून आहे.

इंग्रजीत मग झालं काय? १०६६ साली नॉर्मन आले, दरबाराची आणि कचेरीची भाषा फ्रेंच झाली, आणि इंग्रजी पुढची दोनेकशे वर्षं मुख्यतः बोलण्यावर जगली. या काळात शब्दांच्या शेवटचे प्रत्यय झिजत गेले. मधले स्वरही सरकले. 'क्लेओवन'मधला जोडस्वर सपाट होऊन लांब 'ए' झाला. 'क्लिविअन'मधला ऱ्हस्व 'इ' उघड्या अक्षरात पडल्यामुळे लांबत लांबत त्याच ठिकाणी येऊन पोहोचला. चौदाव्या शतकापर्यंत दोघांचाही उच्चार जवळजवळ 'क्लेवेन'. पुढे साऱ्या इंग्रजीतले दीर्घ स्वर वर सरकले तेव्हा हे दोघे बरोबरच सरकले आणि 'क्लीव्ह' झाले. कुणी ठरवून एकत्र आणलं नाही. दोन वेगळ्या गावांहून निघालेले रस्ते सपाटी लागल्यावर एकाच पुलावर आले, एवढंच.

एकदा सूर एक झाला की भूतकाळी रूपांचीही उसनवारी सुरू झाली. 'क्लेव्ह', 'क्लोव्ह', 'क्लेफ्ट', 'क्लीव्ह्ड', कुठलं कुणाचं हे बोलणाऱ्यांनाच सांगता येईना. बायबलच्या अनुवादकांनी अब्राहाम आणि रूथ यांना एकच रूप दिलं ते या गोंधळाच्या ऐन भरात. आज ही रूपं ज्याची त्याची जागा धरून बसली आहेत आणि तिथून हलायला तयार नाहीत. गाईबकऱ्यांचा दुभंगलेला खूर 'क्लोव्हन', पण जन्मजात दुभंगलेला ओठ किंवा टाळू 'क्लेफ्ट'. अदलाबदल केली तर अर्थ कळेल, पण ऐकणारा दचकेल. सैतानाचे पाय काढताना युरोपीय चित्रकार त्याला बकऱ्याचे खूर देत, म्हणून इंग्रजीत 'क्लोव्हन' म्हटलं की थोडा गंधकाचा वास येतो. 'क्लेफ्ट'ला तो नाही.

नामांचीही अशीच जुळी निघाली. खाटकाच्या हातातला सत्तूर म्हणजे 'क्लीव्हर'. आणि इंग्लंडमधल्या कुंपणांवर वाढणारी 'क्लीव्हर्स' नावाची एक वनस्पती आहे. तिच्या खोडापानांवर आणि फळांवर बारीक आकडे असतात. शेजारून गेलं की आपल्याकडे आघाड्याची बी कपड्याला धरते तशी ती धरते. सत्तूर तोडणाऱ्या क्लीव्हचा, झुडूप चिकटणाऱ्या क्लीव्हचं. विशेष म्हणजे हे झुडूप कॉफीच्याच कुळातलं आहे आणि त्याच्या बिया भाजून कॉफीऐवजी वापरल्याही गेल्या आहेत.

आता खरा प्रश्न. दोन विरुद्ध अर्थांचे शब्द एकाच आवाजात बोलू लागले, तरी लोकांचं अडलं का नाही? आणि अडलं असतं तर काय झालं असतं?

याचं उत्तर फ्रान्समधल्या एका कोंबड्याने दिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्यूल झिलिएरों या अभ्यासकाने फ्रान्सच्या बोलींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यासाठी त्याचा सहकारी एदमों एदमोंने ६३९ ठिकाणी जाऊन लोकांचे शब्द टिपून आणले होते. नैर्ऋत्येकडच्या गास्कोनी भागाचा नकाशा पाहताना झिलिएरोंला दिसलं की तिथे कोंबड्याचा जुना लॅटिन शब्द गायब आहे. कोंबड्याला कुणी फेझंट पक्ष्याचं नाव दिलंय, कुणी एका अधिकारपदाचं. कारण शोधल्यावर उलगडा झाला. गास्कोनीत शब्दाच्या शेवटी येणाऱ्या जोड 'ल'चा 'त' होतो. त्यामुळे लॅटिन 'गाल्लुस', कोंबडा, याचं रूप तिथे 'गात' झालं असतं. आणि मांजराला तिथे आधीपासूनच 'गात' म्हणत होते. शेतकऱ्याच्या अंगणात 'गात' मेलं असा ओरडा झाला, तर मेलं कोण? कोंबडं आणि मांजर एकाच अंगणात, एकाच वाक्यात, एकाच संकटात सापडणारे प्राणी. अशा ठिकाणी दोन अर्थांना एक आवाज परवडत नाही. एकाला जावं लागतं. कोंबड्याचा शब्द गेला. आणि पुरावा असा की ज्या प्रदेशात जोड 'ल'चा 'त' होतो, जवळपास त्याच प्रदेशात कोंबड्याला नवी नावं मिळाली आहेत.

झिलिएरोंचा हा निष्कर्ष पुढे इतका आवडता झाला की शब्द मेला की त्याच्या खुनाचा आळ एखाद्या समोच्चारी शब्दावर घ्यायची अभ्यासकांना सवयच लागली. सगळीकडे ते खरं नाही. पण 'क्लीव्ह'च्या बाबतीत हा विचार उपयोगी आहे. हे दोन क्लीव्ह एकाच अंगणात फारसे भेटतच नाहीत. लाकूड, दगड, हाड, हिरा फोडायचा तेव्हा क्लीव्हला थेट कर्म लागतं. चिकटायचं तेव्हा त्याच्यामागून 'टू' किंवा 'अंटू' हे अव्यय यावं लागतं. बायबलात नवरा बायकोला, रूथ सासूला, तहानलेल्याची जीभ टाळ्याला क्लीव्ह करते, तेव्हा प्रत्येक वेळी ते अव्यय शब्दाला हात धरून योग्य अर्थापाशी पोहोचवतं. अर्थ विरुद्ध असले तरी व्याकरणाने दोघांमध्ये भिंत उभी केली होती.

ज्या जोडीला अशी भिंत मिळाली नाही, तिचं काय झालं तेही इंग्रजीतच पाहता येतं. 'लेट' या क्रियापदाचा अर्थ करू देणं, होऊ देणं. पण शेक्सपिअरच्या काळापर्यंत आणखी एक 'लेट' जिवंत होता आणि त्याचा अर्थ होता अडवणं. भुताच्या मागे निघालेला हॅम्लेट आपल्याला धरून ठेवणाऱ्या मित्रांना धमकी देतो, तेव्हा त्याच्या तोंडी हाच अडवणारा लेट आहे. जेम्सच्या बायबलातही तो भेटतो. आज त्या ओळी वाचणारा विद्यार्थी नेमका उलटा अर्थ घेतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. जाऊ देणं आणि जाण्यापासून अडवणं, दोन्ही त्याच माणसाच्या, त्याच दारात, त्याच वाक्यरचनेत. गास्कोनीच्या अंगणासारखीच अवस्था. अडवणारा लेट हरला.

पण तो पूर्ण मेला नाही. दोन ठिकाणी लपून राहिला. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला चाटून बरोबर चौकटीत पडला की पंच 'लेट' म्हणतो आणि सर्व्हिस पुन्हा होते. पुष्कळांना तो 'नेट'चा अपभ्रंश वाटतो. तो अडथळ्याचाच जुना शब्द आहे : खेळात व्यत्यय आला, पुन्हा खेळा. दुसरी जागा आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कपाटात आहे. भारतीय पासपोर्टच्या आतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावाने परदेशी अधिकाऱ्यांना केलेली विनंती छापलेली असते. या व्यक्तीला 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' जाऊ द्यावं, असं तिच्यात म्हटलं आहे. तिथला लेट हा अडवणारा लेट. हिंडरन्सचाही अर्थ अडथळाच. एकाच अर्थाचे दोन शब्द शेजारी बसवायची कायद्याच्या इंग्रजीला जुनी खोड आहे, आणि या खोडीपायी एक मृत क्रियापद कोट्यवधी भारतीयांच्या खिशातून जगभर फिरतं.

या दोन लेटांची कथा आणखी एक गिरकी घेते. जुन्या इंग्रजीत ते 'लॅटन' आणि 'लेत्तन' असे वेगळे शब्द होते, म्हणून कोशात त्यांच्या नोंदी वेगळ्या असतात. पण आणखी मागे गेलं की दोघे एकाच धातूपाशी पोहोचतात. त्या धातूचा अर्थ सोडून देणं, सैल होणं. सोडून देण्यातून आला परवानगी देणारा लेट. सैल, थकलेला, मंद या अर्थाचं विशेषण झालं त्यातून आला 'लेट', उशिरा. आणि कुणाला तरी मंद करणं, उशीर करायला लावणं म्हणजेच अडवणं. म्हणजे परके वाटणारे दोन लेट दूरचे चुलतभाऊ निघाले. क्लीव्हची जोडी मात्र कितीही मागे गेलं तरी परकीच राहते. कोशकाराने नोंदी एकत्र ठेवाव्यात की वेगळ्या, हे त्यामुळे तो किती मागे बघायचं ठरवतो यावर अवलंबून असतं. अर्थ जुळत नाहीत म्हणून शब्द दोन, हा निकष बोलणाऱ्याचा. मूळ वेगळं म्हणून शब्द दोन, हा निकष इतिहासाचा. दोन्ही निकाल दर वेळी सारखे येत नाहीत.

मराठी वाचकाला हे समजायला इंग्रजीपर्यंत जायचीही गरज नाही. आपण चटणी वाटतो, पेढे वाटतो, आणि आपल्याला वाईट वाटतं. तिन्ही क्रियापदं आज एकाच अक्षरांत लिहिली जातात. त्यातलं पेढ्यांचं वाटणं संस्कृतातल्या 'वण्ट्', विभागणं, या धातूचं. हिंदीतलं 'बाँटना' त्याचाच भाऊ. त्या धातूतलं अनुनासिक मराठी बोलण्यातून केव्हाच गेलं होतं, पण लिहिण्यात एक ठिपका ठेवून गेलं. जुन्या मराठीत वाटा, वाटणी, वाटणे या शब्दांच्या 'वा'वर अनुस्वार असे, आणि चटणीच्या वाटण्यावर तो नसे. १९६२ साली नवे लेखननियम आले आणि उच्चार नसलेले अनुस्वार रद्द झाले. माणसाचं नाव आणि नदीतली नाव यांच्यातला भेदही त्याच दिवशी कागदावरून गेला. इंग्रजीत जे काम स्वरांच्या झिजेने काही शतकांत केलं, त्याचं शेवटचं पाऊल आपल्याकडे एका नियमाने टाकलं. तेव्हा या नियमांवर कडाक्याचे वाद झाले. अर्थ बुडतील असं म्हणणाऱ्यांची भीती मला समजते, पण अर्थ बुडालेले दिसत नाहीत. 'मला वाटतं' आणि 'मी वाटतो' यांच्यातली विभक्तीची भिंत पक्की आहे. अडचण आलीच तर ती नारळाशी येते. देवळात नारळ फोडला आणि खोबरं वाटलं, या वाक्यात प्रसाद दिला की वाटण केलं, हे पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय कळत नाही.

तोडणाऱ्या क्लीव्हकडे परत येऊ, कारण आज दोघांत तोच धडधाकट आहे. चिकटणारा आता धर्मग्रंथांत, लग्नाच्या उपदेशांत आणि एखाद्या तत्त्वाला धरून बसणाऱ्या राजकारण्यांवरच्या लेखांत तेवढा उरला. तोडणारा मात्र कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत शिरला, आणि तिथे गेल्यावर त्याच्या अर्थातली एक खास छटा उठून दिसू लागली. क्लीव्ह करणं म्हणजे हवं तिथे कापणं नव्हे. वस्तूत आधीपासून असलेल्या फटीच्या दिशेने तिला उकलणं. मराठीत आपण लाकूड चिरतो आणि लाकूड फोडतो, यात जो फरक आहे तोच. करवत कुठूनही जाते. कुऱ्हाड किंवा पाचर मात्र लाकडाच्या रेषेचं ऐकते.

क्रिकेटच्या बॅटचं उदाहरण घ्या. चांगली बॅट ज्या इंग्लिश विलोची बनते त्याच्या बुंध्याचे आधी बॅटीच्या पात्याला पुरतील एवढे ओंडके करतात आणि मग ते पाचर ठोकून रेषेवर उभे फोडतात. अशा फोडलेल्या फाळक्याला धंद्यात 'क्लेफ्ट' म्हणतात. मेरठ-जालंधरचे बॅट बनवणारे इंग्लंडहून हे क्लेफ्टच मागवतात. बॅटीच्या तोंडावर ज्या सरळ उभ्या रेषा आपण मोजत बसतो त्या पात्यात वरपासून खालपर्यंत अखंड असाव्यात, म्हणून ही फोडण्याची रीत. करवतीने तिरकं कापलेलं पातं वेगवान चेंडूपुढे टिकायचं नाही.

दगडाचंही तसंच. शाळेतली जुनी दगडी पाटी ज्या स्लेटची असे, त्या खडकाचे पातळ थर छिन्नीच्या एका हलक्या ठोक्याने सुटतात. खडकाच्या या गुणाला भूशास्त्रात 'क्लीव्हेज' म्हणतात, आणि हे थर गाळ साचताना पडलेल्या थरांपेक्षा वेगळे असतात, दाबामुळे नंतर तयार होतात, हे ॲडम सेजविकने १८३५ मध्ये स्पष्ट केलं. हिऱ्याला अशा फुटण्याच्या चार दिशा असतात. १९०५ मध्ये प्रिटोरियाजवळच्या प्रीमियर खाणीत ३,१०६ कॅरटचा कलिनन हिरा सापडला. वजन सहाशे ग्रॅमच्या वर. तो ॲमस्टरडॅमच्या योसेफ आशर याच्याकडे फोडायला आला. फेब्रुवारी १९०८ मध्ये त्याने हिऱ्यावर खाच पाडली, खाचेत पोलादी पातं ठेवलं आणि घाव घातला. पातं मोडलं, हिरा तसाच. दुसऱ्या पात्याने हिरा दुभंगला. तेव्हा आशर बेशुद्ध पडला अशी कथा सांगतात. त्याच्या घराण्यातल्यांनी ती साफ फेटाळली आहे, आणि ते योग्यच, कारण घाव घालण्याआधी कित्येक दिवस त्या दगडाच्या रेषा वाचणारा माणूस घाव बसल्यावर कशाला कोसळेल? त्या दगडातून शेवटी नऊ मोठे आणि ९६ लहान हिरे निघाले.

'क्लीव्हेज' या नामाला पुढे जीवशास्त्रातही काम मिळालं, फलित अंड्याच्या पहिल्या विभाजनांसाठी. सर्वसामान्यांना मात्र हा शब्द कळला तो सिनेमामुळे. 'द विकेड लेडी' हा १९४५ चा ब्रिटिश चित्रपट अमेरिकेत दाखवायचा तर नायिकांचे गळे फार खोल आहेत, असं तिथल्या चित्रपटनियंत्रकांचं म्हणणं पडलं आणि काही दृश्यं पुन्हा चित्रित करावी लागली. ही बातमी देताना १९४६ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने नियंत्रकांच्या कचेरीत वापरला जाणारा शब्द वाचकांना समजावून सांगितला, आणि भूशास्त्रज्ञांचा तो शब्द कायमचा हातातून गेला. आज कुठलाही भूशास्त्राचा शिक्षक पहिल्या वर्षाच्या वर्गात तो उच्चारताना क्षणभर थांबतो.

आपल्या रस्त्यांवर हा शब्द सध्या रोज वापरात आहे. इंटरनेटची काचेची तार तुटली की दुरुस्तीला येणाऱ्या मुलाच्या पेटीत 'क्लीव्हर' नावाचं एक छोटं यंत्र असतं. काचेचा तो तंतू १२५ मायक्रोमीटर जाडीचा, केसाएवढा. त्याला कात्रीने कापलं तर टोक खडबडीत होतं आणि प्रकाश गळतो. म्हणून क्लीव्हरचं पातं त्याच्यावर एक सूक्ष्म ओरखडा काढतं आणि किंचित ताण देऊन तो तिथेच मोडतं, काटकोनात, आरशासारखा. खाच पाडून फोडायची आशरचीच रीत, फक्त दगडाच्या जागी काच. मग अशी दोन टोकं समोरासमोर ठेवून विजेच्या ठिणगीने वितळवून जोडतात. या जोडण्याला 'स्प्लाइस' म्हणतात. तो शब्द खलाशांचा : दोन दोर जोडताना आधी त्यांचे पेड उकलायचे आणि मग एकमेकांत विणायचे. डचमधून आलेल्या या शब्दाची व्युत्पत्ती देताना बरेच कोश त्याला 'स्प्लिट'च्या, म्हणजे फाडण्याच्या, कुळात बसवतात.